एक्केचाळीस नंबरची सही

मी दहावी पास हाय. मंठ्याच्या शाळेत निबंधाला पहिला नंबर आल्ता माझा. हे मोठेपणा मिरवायला न्हाई सांगत, माझी अक्कल कुठं चरायला गेल्ती ते तुम्हाला कळावं म्हणून सांगते. कारण औंदा पंचवीस जानेवारीला मी एका कागदावर न वाचता सही ठोकली, आणि त्या सहीनं गावातली तेवीस लेकरं डंपरच्या तोंडाशी नेऊन ठेवायची तयारी केली. पण सांगायचं ते नंदाबाईचं. मधीमधी माझा संताप निघंल, त्याला इलाज न्हाई.

नंदाबाई आमच्या अंगणवाडीत मदतनीस हाय. पन्नाशीची बाई, अंगानं काटकुळी, पण आवाज असा खणखणीत की सकाळी साडेनऊला गल्लीच्या तोंडाशी आली की आतल्या घरातली लेकरं उठून चप्पल शोधाया लागतात. "ए प्रेम, चड्डी घाल आधी! तुझी माय कुठं गेली? वेणी घालायची राह्यली व्हय? आण फणी इकडं!" एका हाताला तीन, दुसऱ्या हाताला तीन, एखादं रडकं काखेत. असं चार फेऱ्यांत सगळं गाव गोळा करती. माझी दोन्ही लेकरं तिच्या हातची खिचडी खाऊन मोठी झाली, आता माझ्या जावेची पोरगी जाती. माझं धाकटं घरी हात धुवायचं नाव काढीत नव्हतं, तिथं मात्र हात धुऊन, मांडी घालून, मुकाट रांगेत बसायचं.

तिचा नवरा कचरूभाऊ. त्याला जाऊन बारा वर्षं झाली. आमचं गाव मंठ्याच्या रस्त्याला खेटून हाय. घरं सगळी रस्त्याच्या ह्या अंगाला, शेतं त्या अंगाला. कचरूभाऊ सकाळी बैलांना वैरण टाकायला रस्ता ओलांडून चालल्ता आणि खडीच्या डंपरनं त्याला जागच्या जागी संपवलं. तेव्हा तर रस्ता अर्धा होता. आता सिमेंटचा झाला, दुप्पट रुंद झाला, आणि गाड्या अशा सुटून राह्यल्या की विचारू नका. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून, कापसाचे ट्रक, ट्रॅव्हल्स. गतिरोधक मागून मागून थकलो आम्ही, अजून एक टाकला न्हाई कुणी. आमच्या म्हशीसुद्धा तिथं आधी थांबतात आणि मंग जातात.

कचरूभाऊचा तेरावा झाला आणि पंधराव्या दिवशी दीर कागद घेऊन आला. "वहिनी, नुकसानभरपाईचा हाय, सही करा." नंदाबाई आठवी शिकल्याली. पण डोळ्याला धार लागल्याली, कागद कोण वाचणार? केली सही. ते निघालं हक्कसोडपत्र. नवऱ्याच्या वाट्याची जमीन तिनं स्वतःच्या हातानं दिराला सोडून दिल्ती. त्या दिवसापासून बाई कागद वाचल्याबिगर पेनाला हात लावीत न्हाई. रेशनच्या दुकानात मागं रांग बोंबलत असती आणि ही आपली पावती वरपासून खालपर्यंत वाचत उभी. गॅसवाल्याचं कार्ड वाचती, पोलिओचा तक्ता वाचती, डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं मागचं बी वाचती. आम्ही तिला 'वकीलीण' म्हणायचो. "आल्या बघा वकीलीणबाई, आता अर्धा तास गेला!" सगळ्यात जास्त मीच खिदळायचे.

आता मूळ गोष्ट. अंगणवाडी भरती मारुतीच्या देवळामागच्या एका खोलीत. पावसाळ्यात तीन ठिकाणी भगुनी ठेवावी लागतात. दोन वर्षांपूर्वी नवीन इमारत मंजूर झाली. शाळेच्या पाठीमागं गावठाणाची जागा रिकामी पडली हाय, कुंपण हाय, नळ हाय, एक कडुलिंब हाय. कुणाला बी विचारा, लहान लेकरंसुद्धा तीच जागा दाखवतील. पण आमच्या गावचा कारभार कल्याणच्या हातात. सरपंच त्याची बायको राजनंदिनी, कारण जागा बाईसाठी राखीव सुटल्ती. बाई घरात भाकरी थापती आणि शिक्का कल्याणच्या खिशात असतो. त्यानं रस्त्यापल्याड आपल्या रानात प्लॉट पाडलेत. तिथं ना रस्ता, ना पाणी, ना विजेचा खांब, म्हणून कुत्रं फिरकत न्हाई. मंग ह्यानं डोकं चालवलं. त्यातली दोन गुंठे जागा अंगणवाडीला दान! सरकारी इमारत आली की तिच्यामागं रस्ता आला, नळ आला, खांब आले. गावात बॅनर लागला, 'दानशूर' म्हणून. त्या बॅनरवर त्याचे हात जोडल्याले बघून मला तेव्हा काहीच वाटलं न्हाई, ह्याचीच आता चीड येती.

नंदाबाईला कळलं तशी ती पंचायतीत गेली. म्हणली, "कल्याणभाऊ, तीन वर्षांची लेकरं हायेत. सेविका आल्याल्या लेकरांपाशी बसती, ने-आण करायला मी एकटी बाई. एका वेळेस सहा धरून तो रस्ता कसा ओलांडू? तेवीस लेकरांच्या चार फेऱ्या जायच्या, चार यायच्या. एखादं हात सोडून पळालं तर?" कल्याण खुर्चीत मागं रेलून म्हणला, "नंदाबाई, माझ्या एकट्याच्या हातात काय हाय? लोकशाही हाय. ग्रामसभेत मांडा. गाव ठरवील."

"गाव ठरवील ना? मंग बराबर हाय," ती म्हणली आणि घरी आली.

बिचारीनं ते खरं मानलं. लेकरांचा विषय म्हंजे आधी महिला ग्रामसभेत यायचा, तिथं बाया काय म्हणतील ते मंग सव्वीस जानेवारीच्या मोठ्या ग्रामसभेत वाचायचं, हे तिनं कुठूनतरी वाचून काढलं. आठ दिवस दारोदार फिरली. "बायांनो, सभेला या. तिथं तोंड उघडा. तुमचीच लेकरं हायेत." आम्ही म्हणायचो, येऊ की, येऊ की. सभा कधी हाय त्याची दवंडी झाली म्हणतात. झाली खरी, घंटागाडीच्या भोंग्यावर, दुपारी साडेबाराला. त्या वेळी गावातली झाडून सगळी बाई कापसात होती, आणि नंदाबाई अंगणवाडीत लेकरांच्या कालव्यात. भोंगा ऐकला तो कुत्र्यांनी आणि म्हाताऱ्यांनी.

आणि मंग आलं हळदीकुंकू. औंदा रथसप्तमी पंचवीस जानेवारीलाच आल्ती, संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. सरपंचाच्या घरचं बोलावणं आलं, वाण म्हणून झाकणाचा स्टीलचा डबा हाय अशी बातमी आधीच फुटल्ती. आम्ही ठेवणीतल्या साड्या नेसून निघालो. नंदाबाई सभेच्या दवंडीकडं कान लावून वट्ट्यावर तूर पाखडून राह्यल्ती. "कुठं गं दैवशाला?" म्हणली. मी म्हणले, "हळदीकुंकवाला." "जा जा," ती म्हणली आणि सूप हलवाया लागली. विधवा बाई, तिला कोण बोलावतं? माझ्या मनात तेवढं बी आलं न्हाई. तिच्या दारावरून हसत-खिदळत गेलो आम्ही.

सरपंचाच्या दारात कल्याणची भावजय प्रीती कागद घेऊन बसल्ती. कागदाचा वरचा भाग दुमडून चिमट्यात अडकवल्याला. "डबे मोजून आणलेत बायांनो, कुणाला मिळाला, कुणाला न्हाई, घोटाळा नको. डबा घ्या, सही करा." मी केली. लफ्फेदार केली, शिकल्याली हाय ना मी! आत राजनंदिनीनं कुंकू लावलं, तिळगूळ दिला, तिची सासू उषाबाई पाटावर बसून कोण आलं कोण न्हाई ते बघून राह्यल्ती. मंग प्रीतीनं सगळ्यांना डबे हातात धरून बसवलं आणि फोटो काढला. डब्याच्या झाकणावर नाव कोरल्यालं होतं, 'सौ. राजनंदिनी कल्याण, सरपंच'. नंदाबाईनं सांगितल्याली सभा कधी हाय, हे त्या घरात बसून एकीनं बी विचारलं न्हाई. मी बी न्हाई.

दुसऱ्या दिवशी झेंडा झाला. पंचायतीपुढं सतरंज्या अंथरल्या, टेबलावर फोटो मांडले, हार घातले, पूजेचं ताट तसंच तिथं ठेवलं. गडी एका अंगाला, आम्ही बाया एका अंगाला. नंदाबाई पुढं बसल्ती, मांडीवर तिची वही. ग्रामसेवक जालन्याहून आल्ता, त्याला लवकर परत जायचं होतं. भराभरा वाचाया लागला.

"काल दिनांक पंचवीस रोजी सरपंचांच्या अध्यक्षतेखाली महिला ग्रामसभा उत्साहात पार पडली. त्रेसष्ट महिला उपस्थित होत्या. नवीन अंगणवाडी रस्त्यापलीकडील दान मिळालेल्या जागेत बांधण्यास सर्वानुमते मंजुरी देण्यात आली."

काल कुठली सभा? काल तर... आणि मंग तो दुमडल्याला कागद डोळ्यापुढं आला. मी शेजारणीकडं बघितलं, ती माझ्याकडं बघून राह्यल्ती. विकले गेलो होतो आम्ही, आणि ते बी एका डब्यासाठी!

नंदाबाई उठली. "साहेब, नावं वाचा."

"नावं कशाला? यादी जोडलेली आहे."

"कोण कोण हो म्हणलं ते मला ऐकायचंय. वाचा."

कल्याण हसला. "वाचा साहेब, वाचा. वकीलीणबाईंचं समाधान करा." गडी माणसं फिदीफिदी हसली. ग्रामसेवक वाचाया लागला. बाराव्या नंबरला, "दैवशाला संपत." नंदाबाईनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. त्या वेळी जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं. नावं चालूच होती. आणि मंग, "एक्केचाळीस. नंदाबाई कचरू."

आमच्या बायांत एकदम कुजबूज उठली. ग्रामसेवक आपला पुढचं नाव वाचायच्या तयारीत. तो बाहेरचा माणूस. कागदावर मधी एक ओळ रिकामी राह्यल्ती, ती भरायला त्यानं मतदार यादीतून एक नाव उचलल्यालं आणि सही ठोकल्याली. यादीत नंदाबाईच्या नावापुढं पती म्हणून कचरूचं नाव हाय. कचरू जिवंत हाय का मेला, ते यादी सांगत न्हाई.

"थांबा," नंदाबाई म्हणली. "एक्केचाळीसला कोण?"

"तुम्हीच की. सही आहे तुमची."

"सरपंचबाई," ती राजनंदिनीकडं वळली, "काल मी तुमच्या घरी आल्ते?"

कल्याण म्हणला, "आल्त्या की. सही काय भुतानं केली?"

"तुम्हाला न्हाई विचारलं, कल्याणभाऊ. सरपंच ह्या हायेत."

राजनंदिनीनं पदर ओढला. नवऱ्याकडं बघितलं. त्यानं डोळे वटारले. "आल्त्या," ती म्हणली, इतक्या बारीक आवाजात की मागच्यांना ऐकू गेलं न्हाई.

"आल्ते? म्हंजे काल दारात आल्याल्या सगळ्या बायांना जसं लावलं तसं मला बी कुंकू लावलं असंल तुम्ही." नंदाबाई टेबलापाशी गेली, पूजेचं ताट उचललं आणि तिच्यापुढं धरलं. "मंग आज बी लावा. गावापुढं लावा. काल लावलं तर आज काय हरकत?"

कल्याण दातांत बोलला, "लाव ना. लाव आणि विषय संपव." राजनंदिनी पुढं झाली. तिनं बोट कुंकवात बुडवलं आणि उचललं.

तेवढ्यात मागून उषाबाई किंचाळली. सासू. कल्याणची माय. "राजे! हात खाली घे! काय करून राह्यली तू? रांडव बाईला कुंकू लावती?" आणि उठून उभी राह्यली, सगळ्या गावाकडं तोंड करून, छाती पुढं काढून. "माझ्या घरात हळदीकुंकवाला पांढऱ्या कपाळाची बाई आजवर उंबरा चढली न्हाई! काल बी न्हाई आणि कधीच न्हाई! मी स्वतः पाटावर बसल्ते. कुणीबी येऊन माझ्या घराण्याचं नाव बुडवीत असंल तर मी ऐकून घेणार न्हाई!"

कल्याणचा चेहरा बघायला पाहिजे होता तुम्ही. मायला गप्प बसवावं तर कसं, आणि बोलू द्यावं तर कसं! म्हातारीला बिचारीला कळलंच न्हाई आपण काय बोललो. ती आपली शान राखून खाली बसली, जणू लढाई जिंकली.

नंदाबाईनं ताट टेबलावर ठेवलं. "ऐकलं ना साहेब? लिहून घ्या. मी काल तिथं नव्हते. घरची सगळ्यात मोठी बाई सांगून राह्यली."

ग्रामसेवकानं घाम पुसला. आणि काय म्हणावं त्यानं? म्हणला, "ठीक आहे, नजरचुकीने एक नाव आलं. एक कमी करतो. बासष्ट राहतात. ठराव कायम."

असा संताप आला मला! माणसाची खोटी सही करता, तिच्या मेल्या नवऱ्याचं नाव लावता, आणि म्हणता नजरचूक? एक कमी? नंदाबाई तिथंच उभी होती, पहिल्यांदा मला ती थकल्याली दिसली. बासष्ट सह्या खऱ्या होत्या ना! त्या पुसायला तिच्याकडं काय होतं? त्या आमच्या होत्या.

मी उठले. पलीकडून माझा नवरा संपत बस-बस करून हात दाखवून राह्यल्ता. बसायला काय, लग्नापासून एकोणीस वर्षं बसल्तेच. "माझं बी कमी करा," मी म्हणले. "बारा नंबर. मी सभेला गेले नव्हते, हळदीकुंकवाला गेल्ते. कागद दुमडल्याला होता आणि डब्याची यादी म्हणून सही घेतली. कुणी अंगणवाडीचं अ सुद्धा काढलं न्हाई."

मंग अंगणवाडीची सेविका बेबीनंदा उठली. ती बौद्ध वस्तीतली, नोकरीच्या भीतीनं इतका वेळ गप्प होती. "साहेब, आमच्या वस्तीत तीस घरं हायेत. आम्ही हळदीकुंकू करीत न्हाई, जात न्हाई, आम्हाला बोलावणं बी न्हाई. सभा तिथं भरवली म्हंजे आमची अख्खी वस्ती दाराबाहेरच ठेवली की! अंगणवाडीत आमची नऊ लेकरं हायेत." तिच्यामागं एकेक उठाया लागली. सगळ्या न्हाई उठल्या, खोटं कामून बोलू? काहींचे नवरे कल्याणच्या रानात कामाला. पण नंबर सांगत सांगत चाळीसच्या वर गेलं, आणि मंग ग्रामसेवकानं पेन टाकलं. ठराव रद्द, महिला सभा पुन्हा घ्यायची, तीन फेब्रुवारीला, अंगणवाडीच्या खोलीत, दवंडी सांजच्याला. घरी जाताना मी तो डबा उचलला आणि सरपंचाच्या वट्ट्यावर आपटून आले. तिथं आधीच सात-आठ डबे पडल्याले होते.

तीन तारखेला खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. उषाबाई आली न्हाई. राजनंदिनी आली, एकटी, आणि कल्याणला दारातूनच "तुम्ही बाहेर बसा" म्हणली. नंदाबाईनं ठराव मोठ्यानं वाचला, एकदा न्हाई, दोनदा. जागा शाळेच्या पाठीमागची. मंग आम्ही सह्या केल्या आणि सगळ्यात शेवटी तिनं केली. पुढच्या मोठ्या ग्रामसभेत त्याला कुणी हात लावायची हिंमत केली न्हाई.

घरी येताना मी तिच्यासंगं होते. लई खुशीत होते मी. म्हणले, "नंदाबाई, जिंकलो बघा! उषाबाईची कशी जिरली! त्या म्हातारीला तर मी आयुष्यात माफ करणार न्हाई, काय शब्द वापरले तुम्हाला!"

ती थांबली. "दैवशाला, तुझ्या घरी हळदीकुंकू असतं ना दरसाल?"

"असतं की."

"मला कधी बोलावलं?"

मी पदर सारखा कराया लागले.

"उषाबाई तोंडानं बोलली, म्हणून तुला तिचा राग. तुम्ही साठ जणी बारा वर्षं न बोलता तेच करून राह्यल्या. त्या दिवशी माझ्या दारावरून गेलीस तू. नुसतं म्हणली असतीस, चला नंदाबाई, पाणी प्यायला तरी चला... मी तो चिमटा काढला असता. कागद उलगडून सगळ्यांना वाचून दाखवला असता. एवढं सगळं झालंच नसतं."



ती आपल्या गल्लीकडं वळली. दोन पावलं गेली आणि मागं बघून म्हणली, "तुझ्या जावेच्या पोरीला उद्या साडेनऊला तयार ठेव. कालच्यावाणी उशीर करू नका."